घरगुती गांडूळखताची पेटी

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र होय, हें वाक्य आतां इतक्या व्याख्यानांतून व पत्रकांतून वाचावयास मिळतें कीं, त्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं आणि त्याप्रमाणें कोणी वागतही नाहीं. गांवोगांवीं फिरलें असतां गोठ्याशेजारीं किंवा विहिरीच्या वाटेवर विटांची बांधलेली गांडूळखताची एखादी टाकी बहुधा दिसतेच. तिच्या भिंतीवर रंगानें अक्षरें लिहिलेलीं असतात. आंत डोकावून पाहावें तर कोठें सरपण, कोठें ठिबकच्या जुन्या नळ्यांचीं भेंडोळीं, कोठें कोंबड्यांची बसण्याची जागा. गांडूळ मात्र आढळत नाहीं. मी महसूल खात्यांत कारकून होतों. अशा पुष्कळ टाक्या कागदावर ‘पूर्ण’ झालेल्या मीं पाहिल्या आहेत, आणि कागद खोटा होता असेंही म्हणतां येत नाहीं, कारण टाकी खरोखरच पूर्ण बांधलेली होती. टाकी बांधणें निराळें आणि गांडूळ पाळणें निराळें, एवढेंच तेवढें घेणाऱ्यास कोणी सांगितलेलें नव्हतें.

प्रस्तुत लेखांत मोठ्या टाकीचा विचार केलेला नाहीं. ज्यास ती बांधावयाची असेल त्यानें अवश्य बांधावी. परंतु तत्पूर्वीं घराच्या पडवींत एक पेटी ठेवून तींत पुरें एक वर्ष, म्हणजे एक उन्हाळा व एक पावसाळा, गांडुळें जगवून पाहावीं, असें माझें म्हणणें आहे. गांडूळ हें खत करण्याचें यंत्र नसून जनावर आहे. म्हैस आणण्यापूर्वीं दावण कोठें बांधावी, वैरण किती शिल्लक आहे, धार कोण काढणार, ह्याचा विचार आपण करितों. गांडुळांच्या बाबतींत मात्र आधीं टाकी, मग अनुदान, मग गांडुळें, आणि सर्वांच्या शेवटीं त्यांस खावयास काय घालावें हा प्रश्न, असा उलटा क्रम लागतो. पेटींत हा क्रम सुलटा लावतां येतो, आणि कांहीं बिघडलेंच तर एक-दोन टोपल्यांच्या नासाडीवर भागतें.

घरांत गांडुळें बाळगणें ही कांहीं नवी टूम नव्हे. चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या अभ्यासाच्या खोलींत मातीनें भरलेल्या कुंड्यांतून गांडुळें ठेविलीं होतीं, व त्यांचें निरीक्षण करून १८८१ सालीं त्यानें गांडुळांवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं तो वारला. इंग्लंडांतील पुष्कळ भागांत दर एकरीं वर्षास दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता. आपल्या उपयोगाची गोष्ट मात्र त्याच पुस्तकांतील दुसरी आहे. गांडुळांस ऐकूं येतें किंवा नाहीं हें पाहण्यासाठीं त्याच्या मुलानें कुंड्यांजवळ एक मोठ्या आवाजाचें वाद्य वाजविलें; गांडुळांनीं दखलही घेतली नाहीं. परंतु त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवितांच गांडुळें चटकन् बिळांत शिरलीं. म्हणजे आवाज त्यांस कळत नाहीं, हादरा मात्र लागलीच कळतो. यास्तव आपली पेटी पिठाच्या गिरणीच्या किंवा मोटारपंपाच्या भिंतीला लावून ठेवूं नये.

गांडुळाच्या शरीराविषयींच्या आणखी तीन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे पेटीचे बहुतेक नियम आपोआप सुचतात. पहिली ही कीं, त्यास फुप्फुस नाहीं. तें ओल्या कातडीनें श्वास घेतें. कातडी सुकली तर तें मरतें, आणि पेटींत पाणी तुंबून हवा कोंडली तरीही मरतें. दुसरी ही कीं, त्यास दांत नाहींत. कोंबडीप्रमाणें त्याच्या पोटांत एक दळणारी पिशवी असते व तींत बारीक खडे लागतात. म्हणून पेटींत दोन-तीन मुठी बारीक माती घालावयाची. तिसरी ही कीं, तें हिरवा ताजा पाला खात नाहीं. पाला कुजूं लागला व त्यावर सूक्ष्म जंतु वाढले म्हणजे मग तें त्यास तोंड लावतें. आज घातलेली साल उद्यां दिसली म्हणून गांडुळें आजारी आहेत असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां जात कोणती घ्यावी हें पाहूं. नांगराच्या तासांत दिसणारीं आपल्या काळ्या रानांतील गांडुळें पेटींत रमत नाहींत; तीं माती खाऊन मातींतच राहणारीं आहेत. पेटीस लागतात तीं वरच्या कुजक्या थरांत राहणारीं. त्यांपैकीं आयसेनिया फेटिडा हें तांबडें, अंगावर फिकट पट्टे असणारें गांडूळ, आणि युड्रिलस युजेनी हें लांब, जाड आफ्रिकी गांडूळ, हीं दोन विकत मिळतात. तिसरें पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हें आपल्याच देशांतील. तें बारीक, जांभळट व अत्यंत चपळ असून पावसाळ्यांत जुन्या ओल्या उकिरड्याच्या कडेला फुकट सांपडतें. विक्रेते निरनिराळीं विलायती नांवें सांगतात; नांवावर न जातां गांडुळें समक्ष शेणमातींतून वेगळीं काढून वजन करून घ्यावीं. किलोभर म्हणून दिलेल्या पिशवींत कित्येकदां पाऊण किलो शेणच असतें. पूर्ण वाढलेलीं तांबडीं गांडुळें एका किलोंत सुमारें हजार भरतात. आरंभास अर्धा किलो पुरे.

येथेंच एक गैरसमज दूर केला पाहिजे. हीं पेटींतील गांडुळें शेतांत नेऊन सोडलीं म्हणजे रान सुधारतें, असें पुष्कळांस वाटतें. तीं तेथें जगत नाहींत. शेतांतील गांडुळें निराळीं, आणि जमिनीवर पाचटाचें किंवा पाल्याचें आच्छादन व खालीं ओल असली म्हणजे तीं न बोलावतां येतात. त्याचप्रमाणें गांडूळ मध्यें तोडलें म्हणजे दोन होतात ही समजूतही खोटी आहे. तसें केल्यास असलेलें एकही बहुधा जातें.

पांच-सहा माणसांच्या घरांत भाजीचे देंठ, साली, चहाचा चोथा असा ओला कचरा दररोज अर्धा किलोच्या आसपास निघतो. त्यास चार फूट लांब, दोन फूट रुंद व सवा फूट उंच अशी पेटी पुरते. गांडुळें वरच्या थरांत खाणारीं असल्यामुळें खोली वाढवून लाभ नाहीं, पसरटपणा पाहिजे. जुन्या खोक्यांच्या फळ्या चालतात, मात्र डांबर किंवा तेलरंग लावलेल्या नसाव्यात. प्लास्टिकचे जाळीदार क्रेट आंतून गोणपाट लावून घेतले तरी काम भागतें. ज्या भागांत उन्हाळा कडक तेथें मातीची पसरट कुंडी सर्वांत उत्तम, कारण ती माठाप्रमाणें पाझरून गार राहते. रांजण घेऊं नये, त्याचें तोंड अरुंद व पोट खोल असल्यानें तळाला हवा पोंचत नाहीं. पेटीच्या तळाला पेन्सिलीएवढ्या जाडीचीं पंधरा-वीस भोंकें पाडून आंतून जाळीचें कापड अंथरावें. चार पाय विटांवर टेकवावे व प्रत्येक पायाखालीं पाण्याची वाटी ठेवावी, म्हणजे मुंग्या चढत नाहींत. एका बाजूस किंचित् उतार देऊन खालीं पसरट भांडें ठेवावें. जागा सावलीची, वाऱ्याची, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून फार लांब नसावी. पेटी गोठ्याच्या पलीकडे नेऊन ठेवली कीं साली दारांतच उकिरड्यावर पडतात.

तळाशीं दोन इंच नारळाच्या शेंड्या, कडब्याचे तुकडे किंवा पाचट घालावें. त्यावर पाऊण फुटापर्यंत अर्धवट कुजलेलें शेण व वाळका पाला समभाग मिसळून भरावा. येथें शेणाविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे, कारण गांडुळें मरतात तीं बहुतेक ह्याच ठिकाणीं. ताजें शेण ढीग करून ठेविलें म्हणजे तापतें. ही उष्णता वाईट नव्हे. सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनीं इंदूर येथें १९२४ सालानंतर जे प्रयोग केले व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले, त्या इंदूर पद्धतीच्या खतांत ह्या उष्णतेचाच उपयोग करून घेतलेला आहे. तिनें तणाचें बी व रोगजंतु मरतात. परंतु ज्या उष्णतेंत तणाचें बी जगत नाहीं तींत गांडूळ कोठून जगणार? म्हणून शेण पंधरा ते वीस दिवस बाहेर सावलींत ठेवावें, मधून पाणी शिंपडून एकदोनदां खालींवर करावें, आणि हात कोंपरापर्यंत आंत घालून गारवा लागला तरच पेटींत घ्यावें. जनावरास जंताचें औषध पाजलें असेल तर त्यानंतरचे कांहीं दिवस त्याचें शेण बाजूस काढावें. कोंबडीची विष्ठा तर पेटीस दाखवूंही नये. ती फार तेज असते. उलट बाजूनें हेंही लक्षांत ठेवावें कीं, पेटी तापत नसल्यामुळें तींत बी मरत नाहीं. फुलावर आलेलें गाजरगवत पेटींत घातलें तर तेंच गवत परत वाफ्यांत उगवतें. टोमॅटोचीं रोपें तर पेटींतच वर येतात. तीं उपटून तेथेंच दाबावीं.

पेटी भरून, ओली करून आठ दिवस तशीच ठेवावी व मग संध्याकाळीं गांडुळें वर पसरावीं. तीं उजेड टाळण्यासाठीं आपणहून खालीं जातात. अर्ध्या तासानें जीं वरच राहिलीं तीं मेलेलीं किंवा दुखावलेलीं समजून उचलून टाकावीं. पहिल्या तीन-चार रात्रीं नवीन जागेंतून तीं पळूं पाहतात. तेवढ्या रात्रीं पेटीवर एक दिवा लावून ठेवावा. पुढें ओल्या गोणपाटाचें झांकण पुरतें.

खाऊं घालण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रियांकडे जातें. म्हणून पेटी आणण्यापूर्वीं त्यांस विचारणें युक्त होय. आमच्या शेजारच्या काकूंनीं मला सरळ विचारलें, “भाऊसाहेब, आयुष्यभर घरांतले किडे झाडून बाहेर टाकले, आतां विकत आणून आंत ठेवूं म्हणतां?” पेटीला वास आला तर मी स्वतः उचलून नेईन, असें त्यांस सांगावें लागलें. ही अट वाजवी आहे. नीट चाललेल्या पेटीस पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आंबट किंवा सडका वास आला तर कांहीं तरी बिघडलें आहे, आणि तें शंभरांत नव्वद वेळां अति खाऊं घातल्यानें बिघडलेलें असतें. आरंभीं दररोज मूठ-दोन मुठीच घालावें. पहिलें घातलेलें ओळखूं येईनासें झाल्यावांचून दुसरें घालूं नये. एका कोपऱ्यांत थोडें उकरून, त्यांत टाकून, वर वाळका पाला लोटावा, व दुसऱ्या दिवशीं पुढचा कोपरा घ्यावा. उरलेला कचरा गुरांना किंवा उकिरड्यावर जाऊं द्यावा. तीन-चार महिन्यांत गांडुळें वाढलीं म्हणजे अर्धा किलो कचरा व तितकेंच कुजलेलें शेण तीं दररोज संपवितात.

काय घालूं नये हें एका वाक्यांत सांगतां येतें: ज्यांत मीठ, तेल, तिखट किंवा मांसमासळी आहे असें कांहींही नको, म्हणजे उरलेली आमटी, लोणचें, फोडणीची भाजी हीं सर्व बाद. लिंबाच्या साली व कांद्याचीं टरफलें थोडीं चालतात, पाटीभर नाहीं. अंड्याचीं कवचें कुटून घालावीं. त्यांनीं आंबटपणा मोडतो. चुना मात्र घालूं नये. कोऱ्या किंवा काळ्या शाईच्या कागदाचे तुकडे ओले करून घातले तर चालतात. (सरकारी नोटिसांचे कागद ह्या कामीं उत्तम कुजतात, हा स्वानुभव आहे, चकचकीत रंगीत पत्रकें मात्र कुजत नाहींत.)

पाण्याची परीक्षा हातानें करावी. पेटींतील मूठभर माल दाबला असतां एखादा-दुसरा थेंब निघावा. धार लागली तर पाणी जास्त, आणि मूठ उघडतांच माल सुटा झाला तर कमी. खालच्या भांड्यांत रोज पाणी जमूं लागलें कीं कित्येक मंडळी तें औषध म्हणून बाटल्यांत भरून ठेवितात. खरें पाहतां तें पेटी ओव्हर झाल्याचें लक्षण होय. पडलेंच तर दहापट पाणी मिसळून झाडांच्या बुंध्याशीं घालावें, पण तें वाढावें म्हणून पाणी ओतूं नये. वाळका पाला मिसळून पेटी हलवावी, म्हणजे दोन दिवसांत ती ताळ्यावर येते.

खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांची. पेटीच्या आंतील उष्णता ३५ अंशांच्या वर गेली कीं गांडुळें मरूं लागतात, आणि विदर्भ-मराठवाड्यांत बाहेरची हवाच चाळिशी ओलांडते. तेथें पेटी भिंतीच्या उत्तर बाजूस, जमिनीलगत, दोन पदरी ओल्या गोणपाटाखालीं ठेवावी. दुपारीं एकदां व सूर्यास्तानंतर एकदां गोणपाट भिजवावें, आणि ह्या दोन महिन्यांत खाणें निम्म्यावर आणावें, कारण कुजणारा कचरा स्वतःही तापतो. निफाडकडच्या थंडींत आफ्रिकी गांडूळ मंदावतें, तांबडें टिकतें. कोंकणांत उन्हाळा सोपा पण आषाढ कठीण. तेथें पागोळ्या पेटींत पडल्या कीं एका रात्रींत गांडुळें भिंतीवर चढलेलीं दिसतात. मुंग्या, उंदीर, कोंबड्या, बेडूक हे शत्रु सर्वत्र सारखेच. वाटींतील पाणी व घट्ट बसणारी जाळी ह्यांनीं त्यांचा बंदोबस्त होतो. पेटींत दिसणारे पांढरे बारीक किडे हे शत्रु नव्हेत. ते ओल व आंबटपणा वाढल्याची वर्दी देतात.

अडीच-तीन महिन्यांनीं वरचा थर काळा, हलका व चहाच्या भुकटीसारखा रवाळ दिसूं लागला म्हणजे खत काढावें. चार दिवस आधीं पाणी बंद ठेवावें. मग माल ताडपत्रीवर उजेडांत शंकूच्या आकाराचे लहान ढीग करून ओतावा. गांडुळें उजेडास भिऊन तळाशीं जातात, वरचें खत हातानें काढून घ्यावें, पुन्हां थांबावें, पुन्हां काढावें. खोरें लावूं नये. चाळतांना जे लहान, पिवळसर, लिंबाच्या आकाराचे दाणे दिसतात तीं गांडुळांचीं अंडकोषें होत. तांबड्या गांडुळाच्या एका कोषांतून दोन-तीन पिलें सुमारें तीन आठवड्यांत निघतात. तीं पेटींत परत टाकावीं.

आतां हिशेब. दररोज एक किलो माल म्हणजे वर्षास ३६५ किलो. कुजून व पाणी जाऊन त्याचा तिसरा हिस्सा धरला तर सुमारें १२० किलो खत झालें. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत विक्रीच्या गांडूळखतास जीं मानकें ठरविलेलीं आहेत त्यांत नत्र किमान १ टक्का व सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के असावा असें म्हटलें आहे. १ टक्क्यानें १२० किलोंत नत्र सवा किलोच्या आंतच. उलट युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणींत ४६ टक्क्यांनीं २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतें. म्हणजे पेटीचें वर्षाचें नत्र अडीच-पावणेतीन किलो युरियाएवढें! एका पेटीवर एकरभर ऊस पिकविण्याच्या गोष्टी जे सांगतात त्यांस हा आंकडा दाखवावा. बैलजोडी गेली, उकिरडा लहान झाला, म्हणून शेणखताची जी तूट पडली आहे ती पेटीनें भरून निघणार नाहीं; ती भरावयाची तर पाचट न जाळतां रानांतच कुजविणें, हिरवळीचें पीक गाडणें व शेणाचा ढीग सावलींत नीट रचणें, हेच मार्ग आहेत.

मग पेटी कशाला, असें कोणी विचारील. ह्या खताचें मोल नत्रांत नसून त्याच्या रवाळपणांत व ओल धरून ठेवण्यांत आहे, आणि तें थोडें असलें तरी जेथें थोडेंच लागतें तेथें घातलें असतां दिसून येतें. मिरची, वांगीं, टोमॅटो ह्यांच्या रोपांस एक भाग गांडूळखत व तीन भाग चाळलेली माती पुरते. निव्वळ खतांत रोप वाढवूं नये. कांद्याच्या रोपवाटिकेंत बी फेंकण्यापूर्वीं वरच्या बोटभर मातींत मिसळावें. आंबा, डाळिंब, लिंबाच्या नवीन खड्ड्यांत दोन-दोन किलो घालावें. परसांतील भाजीस तर दुसऱ्या कोणत्याही खताची गरज राहत नाहीं. १२० किलोंत एवढें सर्व भागतें, आणि रोपवाटिकेसाठीं दर हंगामांत पिशवी विकत आणण्याचा खर्च वांचतो.

पेटीची एक लहान वही ठेवावी: कोणत्या दिवशीं किती घातलें, खत केव्हां किती निघालें, मे महिन्यांत गांडुळें किती उरलीं. वर्षअखेर गांडुळें वाढलेलीं असतील आणि घरांत खाऊं घालणाऱ्या माणसाचा कंटाळाही आलेला नसेल, तर टाकीचा विचार खुशाल करावा. तिला लागणारीं गांडुळें विकत आणण्याचें कारण पडणार नाहीं. तीं ह्याच पेटींतून निघतील, मात्र त्यापूर्वींचे दोन-तीन महिने शेजाऱ्यानें कितीही गळ घातली तरी मूठभर गांडुळेंसुद्धां बाहेर देऊं नयेत.